अर्जातला सातवा प्रश्न

त्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात निर्जंतुकीकरणाचं खातं होतं. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं व्हायची आणि वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुया, वाट्या लिफ्टने खाली यायच्या. इथे त्या धुऊन, भिंगाखाली तपासून, ट्रेमध्ये ठरलेल्या क्रमाने मांडून, निळ्या कापडात दुहेरी गुंडाळून वाफेच्या यंत्रात तापवल्या जायच्या आणि मग परत वर. पेशंट कधी इथे येत नाही, त्यामुळे हे खातं आहे हेच हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. "तळघरात लॉन्ड्री आहे ना?" असं कुणी विचारलं की खात्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

या खात्यात ती अठरा वर्षं होती. हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. नवीन माणूस रुजू झालं की ते तिच्याच गळ्यात पडायचं. कात्री पूर्ण मिटून ठेवायची नाही, सांध्यात वाफ जायला हवी. कापडाची घडी अशी, चिकटपट्टी अशी. एकेक गोष्ट ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. सांगून सांगून घसा बसायला लागला, तेव्हा तिने फोनवर छोटे छोटे व्हिडिओ करायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांचे. करता करता एकतीस झाले.

एक दिवस नर्सिंग कॉलेजच्या एक मॅडम विद्यार्थिनींना घेऊन खाली आल्या. मास्तरणीने त्यांना एक व्हिडिओ दाखवला. मॅडमनी तो दुसऱ्यांदा मागितला, मग तिसऱ्यांदा.

"तुम्ही यात एम.ए. का करत नाही?" त्यांनी विचारलं.

"यात म्हणजे? ट्रे भरण्यात?"

"शिकवण्यात हो! साधनं वापरून कसं शिकवायचं, माणूस बघून कसा शिकतो, याचा अख्खा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी म्हणतात. नोकरी करणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनच दिवस वर्ग असतात." आणि त्यांनी ते नाव, विद्यापीठाचा पत्ता, अर्जाची शेवटची तारीख असं सगळं एका ट्रेच्या यादीमागे लिहून दिलं. तारखेला सत्तावीस दिवस होते.

मास्तरणीने तो कागद खिशात घातला आणि दिवसभर चारदा काढून बघितला. आपण जे घसा वाचवायला केलं त्याला काही नाव असतं, त्याची पदवी असते, हे तिला खरंच वाटेना.

घरी सासूबाई होत्या. त्या निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका. कान थोडे मंद झाले होते, जीभ नाही.

"कसली टेक्नॉलॉजी?" त्यांनी विचारलं.

"शिकवण्याची, आई."

"माझ्या वेळी दोनच होत्या, नकाशा आणि छडी. छडी मी कधी हातात धरली नाही. नकाशा मात्र सुतळीसकट झिजवला." मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "भर अर्ज. बघतेस काय?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या पोटात उभा राहून तो घरी यायचा तेव्हा त्याला बसायला खुर्ची आणि बोलायला माणूस एवढंच हवं असायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर्गात तूच सगळ्यात थोरली असशील."

"प्राध्यापकांपेक्षाही?"

"ते तू जाऊन बघ आणि सांग."

म्हणजे त्याचा होकार होता.

अर्ज भरायला त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं केलं. तिने पत्राद्वारे बी.एस्सी. केलं होतं, नोकरी करता करता, जेमतेम दुसऱ्या वर्गात. पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका ट्रंकेत सापडल्या. तिसरी कुठे सापडेना. सगळं घर उलथंपालथं केल्यावर ती नवऱ्याच्या लिफ्टच्या पुस्तकांमध्ये निघाली, एका मोटारीच्या आकृतीवर खूण म्हणून घातलेली. "अगं, जाड कागद होता," तो म्हणाला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण हसल्याही.

पहिले सहा प्रश्न तिने दोन संध्याकाळींत उरकले. सातव्यापाशी घोडं अडलं. प्रश्न असा होता: 'तुमचं शिकवणं फसलं असा एक खरा प्रसंग लिहा. त्याचा त्रास कोणाला झाला? तुम्ही काय केलंत?' आणि त्याच्याच खाली आठवी अट: दोन शिफारसपत्रं हवीत. एक वरिष्ठांचं. दुसरं, तुम्ही ज्याला शिकवलंत अशा माणसाचं. पत्रं लिहिणाऱ्याने ती परस्पर पाठवायची, अर्जदाराने वाचायची नाहीत.

तिने सातव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. नवीन लोकांना व्हिडिओ दाखवायला गेले तर फोनची बॅटरी संपली, मग पुढच्या वेळी चार्जर जवळ ठेवला, अशा धर्तीचं दीड पान. भाषा नीटनेटकी होती. सासूबाईंना वाचायला दिलं. त्यांनी सवयीने लाल पेन उघडलं, शेवटपर्यंत वाचलं आणि एकही खूण न करता पेन बंद केलं.

"यात फोन फसला," त्या म्हणाल्या. "तू कुठे फसलीस?"

"माझं तसं मोठं काही फसलं नाही, आई."

"अठरा वर्षांत?" सासूबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "मी एकदा एका तुकडीला भरती-ओहोटी शिकवली. मला वाटलं, काय सुंदर शिकवली! परीक्षेत सव्वीस मुलींनी एकच उत्तर लिहिलं, तेही चुकीचं. मी सगळ्यांना वर्गात उभं करून बोलले. घरी येऊन उत्तरपत्रिका पुन्हा बघितल्या तेव्हा लक्षात आलं, सव्वीस जणी एकदम मठ्ठ होत नसतात गं. एकीने शिकवलेलं असतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की माझं चुकलं, बसा, पुन्हा शिकू."

मास्तरीण भांडी आवरायला उठली. नळाखाली हात धरले आणि तिच्या डोळ्यांपुढे चिमणी उभी राहिली.

चिमणी चार वर्षांपूर्वी खात्यात आली होती. चणीने एवढीशी की ट्रे भरायच्या टेबलाला हात पुरावेत म्हणून तिच्यासाठी लाकडी पाट आणावा लागला, आणि त्याच दिवशी तिला हे नाव पडलं. तेव्हा मास्तरणीचे व्हिडिओ नवे नवे होते, जेमतेम चार झाले होते. पोटाच्या ऑपरेशनचा मोठा ट्रे कसा मांडायचा याचा व्हिडिओ तिने खोक्यांची चवड रचून, त्यावर फोन टेकवून, समोरून घेतला होता. ती टेबलाच्या एका बाजूला, फोन दुसऱ्या बाजूला. तोंडाने ती सांगत होती, "इकडून सुरू करायचं, मग हे, मग हे." चिमणीने तो व्हिडिओ पाच वेळा बघितला आणि हुबेहूब तसा ट्रे भरला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. ऑपरेशनच्या वेळी नर्स ट्रेकडे बघत नाही. डॉक्टरांनी हात पुढे केला की तिचा हात आपसूक ठरलेल्या जागी जातो. त्या दिवशी तो गेला आणि चिमट्याच्या जागी कात्री आली. दुसऱ्यांदाही तसंच. सगळा ट्रे उलटा होता, डावीकडचं उजवीकडे. तो पुन्हा मांडेपर्यंत चार मिनिटं ऑपरेशन थांबलं. पेशंटला काही झालं नाही, पाचव्या दिवशी तो चालत घरी गेला. पण लेखी तक्रार खाली आली, आणि जिची नोकरी अजून कायम व्हायची होती त्या चिमणीच्या हातात मेमो पडला.

मास्तरीण तेव्हा तिला सगळ्यांसमोर बोलली होती. "डोळे कुठे होते तुझे? एवढं दाखवून दिलं तरी?" चिमणी मान खाली घालून उभी होती. मग म्हणाली, "मी पुन्हा करून दाखवू का ताई, तुमच्यासमोर?" तिने व्हिडिओ लावला, पाटावर चढली आणि मन लावून, एकेक चिमटा तपासत, तो ट्रे पुन्हा पूर्ण उलटा भरला.

फोनच्या पडद्यावर मास्तरणीचा उजवा हात डावीकडे दिसत होता. समोरून घेतलं की तसंच दिसणार. पोरगी जे बघत होती तेच करत होती.

चूक कोणाची ते मास्तरणीला तिथेच कळलं. पण त्या वेळी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "ठीक आहे, उद्या बघू." चार दिवस ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी ती खात्याच्या इन्चार्ज सिस्टरांकडे गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." त्यांनी मेमो रद्द केला. मास्तरणीने सलाईनचा स्टॅण्ड आणला, त्याला फोन बांधला आणि आपल्या खांद्यावरून, वरून खाली, म्हणजे काम करणाऱ्याला स्वतःचे हात दिसतात तसं, पुन्हा चित्रण केलं. तो व्हिडिओ बघून आजवर एकही ट्रे उलटा गेला नव्हता. नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी तीनदा बघितला तो हाच.

चिमणीला मात्र कोणी काही सांगितलं नाही. मेमो रद्द झाला एवढं तिला कळलं. का, ते नाही. आधी मास्तरणीला भीती वाटत होती, मग लाज वाटायला लागली, आणि मग दिवस इतके गेले की आता काय सांगायचं, असं होऊन बसलं. चिमणी कायम झाली, खात्यातली सगळ्यात चोख कामगार झाली. मास्तरीणही तिला काही कमी पडू द्यायची नाही. पण ते एक बोलणं राहूनच गेलं होतं.

सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "आठवलं ना?"

"आठवलं," मास्तरीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत, ट्रे वर गेल्यावर जी पंधरा मिनिटं मिळतात, त्या वेळात तिने चिमणीला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. तिथे एक बाक आणि लोखंडी कपाटांची रांग होती. चिमणीने डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि बाकावर बसली. तिचे पाय अजूनही जमिनीला नीट टेकत नव्हते.

मास्तरणीने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. व्हिडिओ समोरून घेतला होता. तू बरोबर केलंस. मी शिकवलेलं चुकीचं होतं. मला त्याच दिवशी कळलं. तुला बोलले ते सगळ्यांसमोर बोलले आणि सिस्टरांना सांगितलं ते दार लावून.

चिमणी टोपीची कड दुमडत राहिली.

"चार वर्षं झाली, ताई," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी आईला सांगितलं होतं की माझ्या हातून ऑपरेशन थांबलं. ती अजून कोणाला माझी नोकरी सांगताना म्हणते, जपून करावं लागतं, एकदा हिच्या हातून चूक झाली होती." तिचा आवाज जरा चढला. "मी अजूनही प्रत्येक ट्रे दोनदा तपासते. सगळे म्हणतात, किती चोख! चोख कसली? मला वाटायचं, माझ्या डोक्यातच डावं-उजवं नीट नाही. रस्ता विचारला कोणी तर मी सांगत नाही, ताई. म्हणते, मला माहीत नाही."

मास्तरणीला वाटलं, जमीन दुभंगावी. "माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं."

"आज का सांगताय?"

इथे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मास्तरणीने खिशातून अर्जाचे कागद काढले आणि सातवा प्रश्न दाखवला. "हे विचारलंय म्हणून आठवावं लागलं. मी हा प्रसंग लिहीन तर तुला विचारून. तू नको म्हणालीस तर दुसरं लिहीन, नाहीतर अर्जच करणार नाही."

चिमणीने प्रश्न वाचला. मग खालची अट वाचली. "हे शिकवलेल्या माणसाचं पत्र कोण देतंय?"

"अजून कोणी नाही."

"माझ्याकडून मागायचं होतं का?"

"आधी मागायचं होतं. आता तोंड नाही."

आत यंत्राची शिट्टी वाजली, ट्रे तयार झाल्याची. चिमणी उठली, टोपी घातली, केस आत सारले. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मी देते पत्र. पण जे खरं आहे ते लिहीन. गोडगोड लिहिणार नाही."

"तसंच लिही."

"आणि तुम्ही माझ्या आईला फोन कराल. आजच."

तो फोन मास्तरणीच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड फोन होता. चिमणीची आई ऐकून घेत राहिली. मधेच म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरीची चूक नव्हतीच?" "नव्हती हो," मास्तरीण म्हणाली. मग ती माउली म्हणाली, "थांबा, जरा स्पीकरवर टाकते, हिच्या मावशीलाही ऐकू द्या." आणि मास्तरणीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मावशीने मधे दोन प्रश्नही विचारले.

त्यानंतर तिने सातव्या प्रश्नाचं उत्तर एका बैठकीत लिहिलं. सासूबाईंनी लाल पेनाने दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, बाकी कशाला हात लावला नाही. फक्त कागद परत देताना तिच्या हातावर क्षणभर हात ठेवला. इन्चार्ज सिस्टरांनी आपलं पत्र पाठवलं. चिमणीनेही पाठवलं. काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही आणि मास्तरणीने विचारलं नाही. दोघी पूर्वीसारख्याच शेजारी शेजारी काम करत होत्या, पण बोलणं थोडं कमी झालं होतं. मास्तरणीने ते तसं राहू दिलं. चार वर्षं आपण गप्प होतो, आता चार आठवडे ती गप्प राहिली तर तिचा हक्क आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "मशीन बंद पडलं की लगेच चालू करायचं नसतं. जरा थंड होऊ द्यायचं." त्याच्या मते सगळ्या गोष्टी लिफ्टसारख्याच होत्या. या वेळी तिला ते पटलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. गोल टेबल, पाण्याचा जग, खिडकीजवळ सुकत चाललेली कुंडी. समोर तिघं होते. मधे बसलेल्या प्राध्यापक बाई वयाने मास्तरणीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असतील, आणि एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही तिला नवऱ्याचं बोलणं आठवून हसू आलं.

सुरुवातीला त्यांनी कामाबद्दल विचारलं. तिने सांगितलं. ट्रे, कापड, वाफ, क्रम. कामाबद्दल बोलताना तिची भीती गेली. तिने टेबलावरच्या पेनांनी ट्रे मांडून दाखवला. एका सरांनी आपलं पेन परत घ्यायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "थांबा, ते शेवटून दुसरं आहे," आणि तिघंही हसले.

मग प्राध्यापक बाईंनी विचारलं, "चूक कळली त्याच दिवशी. मुलीला सांगायला चार वर्षं का लागली?"

"आधी भीती," ती म्हणाली. "नंतर सवय झाली, न सांगण्याची."

बाईंनी मान हलवली आणि फाईलमधून एक कागद काढला. "हे पत्र तुम्ही वाचलेलं नाही. पण लिहिणारीने खाली लिहून ठेवलंय की मुलाखतीत वाचून दाखवायला हरकत नाही. दाखवू?"

मास्तरणीने मान डोलावली.

बाईंनी वाचलं: "यांनी मला पहिला ट्रे चुकीचा शिकवला आणि मलाच ओरडल्या. खरं काय ते चार वर्षांनी सांगितलं. चार वर्षं फार होतात. मला राग आला होता आणि अजून थोडा आहे. पण मी दोन ठिकाणी नोकरी केली, आणि माझ्या वरच्या माणसाने माझ्यासमोर बसून 'माझं चुकलं' म्हटल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी माझ्या आईलाही फोन केला, आणि मावशीलाही सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा केलेला व्हिडिओ उत्तम आहे, त्यावर मी नंतर नऊ जणांना शिकवलं. त्यात एक दोष आहे. त्या फार बोलतात. यंत्र चालू असलं की काही ऐकू येत नाही, आणि आमच्याकडे एक जण कानाने कमी आहे. चित्राखाली अक्षरं हवीत. हे त्यांना खात्यात सांगायला मी कचरत होते, म्हणून इथे लिहिते. त्यांना जरूर शिकवा. त्या शिकतात."

मास्तरणीने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. शेजारच्या सरांनी तो तिच्यापुढे सरकवला. तिने डोळे पुसले, लपवले नाहीत.

"अक्षरांबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?" प्राध्यापक बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न खराच होता.

"तिचं बरोबर आहे," मास्तरीण म्हणाली. "किती अक्षरं, कुठे, किती वेळ ठेवायची, ते मला येत नाही. तेच शिकायला यायचंय."

बाहेर पडल्यावर ती जिन्यातच थांबली. उतरायचं भान राहिलं नव्हतं. घरी एक सासूबाई, ज्यांनी बॅटरीवाला निबंध हसून सोडून दिला असता तर हे काहीच झालं नसतं. तळघरात एक एवढीशी पोरगी, जिने रागासकट, जशी होती तशी मास्तरणीची बाजू मांडली होती. कुणाकुणाचे आणि कसे आभार मानायचे तिला कळेना. तिने सरळ फोन काढला आणि चिमणीला लावला.

"वाचून दाखवलं त्यांनी," ती म्हणाली.

"रागावलात?"

"नाही गं. फार बोलते मी, खरंच आहे ते."

"आत्ताही बोलताय," चिमणी म्हणाली. "इथे ट्रे आलेत, ठेवते." पण ठेवला नाही. थोडं थांबून म्हणाली, "काल आमच्या गल्लीत एकाने रस्ता विचारला. सांगितला मी. दोन उजवी वळणं आणि एक डावं." आणि मग फोन ठेवला.

अडीच आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, एक अट होती: पहिल्या सहामाहीत संगणकाचा एक प्राथमिक पेपर जादा द्यायचा. सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि शेजारणीला दाखवायला गेल्या त्या तासभर आल्याच नाहीत. नवऱ्याने विचारलं, "मग? कोण थोरलं?" "मीच," ती म्हणाली, आणि त्याला इतका आनंद झाला की जणू पैज जिंकला.

दुसऱ्या दिवशी खात्यात तिने इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलापाशी उभं राहून आभाराचं भाषण सुरू केलं. रात्रीपासून मनात जुळवलेलं. सिस्टरांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"आभार राहू दे. वर्ग कधी आहेत ते सांग."

"शनिवारी पूर्ण दिवस आणि गुरुवारी दुपारी तीनला."

"शनिवार तुझ्या रजेत बसवते. गुरुवारी तुला एकला सोडावं लागेल. दोन वर्षं, दर गुरुवारी." सिस्टरांनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "कोण घेतंय?"

भिंगाच्या दिव्याखाली चिमटे तपासणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. कोणी काही बोलायच्या आत पाटावरून आवाज आला.

"माझं नाव लिहा."

"प्रत्येक गुरुवारी?" सिस्टरांनी विचारलं. "दोन वर्षं?"

"लिहा ना, सिस्टर. आणि खोडू नका."

मास्तरीण नुसती चिमणीकडे बघत राहिली. चिमणीने तिच्याकडे बघितलं नाही. तिला ट्रे भरायचा होता.

पहिल्या गुरुवारी एक वाजून गेला तरी मास्तरीण टेबल सोडेना. हा ट्रे होऊ दे, ते कापड संपलंय ते आणून ठेवते, नवीन आलेल्या बाईला पट्टी नीट जमत नाही. दीड वाजता चिमणी पाटावरून उतरली, हात पुसत आली, मास्तरणीच्या कमरेची एप्रनची गाठ सोडली आणि तिच्या हातातलं निळं कापड काढून घेतलं.

"निघा आता, ताई," ती म्हणाली. "नाहीतर मी जाऊन बसेन वर्गात, आणि तुम्ही भरा हे ट्रे."